फेरी रद्द

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. लीड्स
खोलीत टेबल आलं. खुर्ची उद्या. पलंगावर बसून एक्सेल शीट उघडली. डिसेंबरअखेरपर्यंत चौदा शनिवार. रकाने : गाव, भाडं, शेवटची परतीची गाडी, सूर्यास्त.
सूर्यास्ताचा रकाना बाबांनी घालायला लावला. "अनोळखी स्टँडवर अंधारात उतरायचं नाही." इथे डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो म्हटल्यावर फोनवर जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग म्हणाले, "मग सकाळची पहिली गाडी धर."
यॉर्क, साल्टेर, हॉवर्थ, लिव्हरपूल, रिबलहेड, एडिंबरा, लंडन, व्हिटबी. सगळे पिवळे. ठरलं की हिरवे करायचे.

२४ सप्टेंबर
रेलकार्ड काढलं. ३० पौंड, वर्षभर तिकिटावर एक तृतीयांश सूट. बाबांचा पहिला प्रश्न : "बायकांना अर्धं तिकीट नाही?" नाही. "मग कसला पुढारलेला देश."

२८ सप्टेंबर, शनिवार. यॉर्क
पहिलीच फेरी आणि पहिलीच चूक. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट ठरलेल्याच गाडीला चालतं, हे वर्गात शिकून चार दिवस झालेत. फलाटावर आधीची गाडी उभी दिसली, दार उघडं, चढले. तिकीट तपासनीस भला माणूस होता. सॉरी लव्ह म्हणाला आणि नवीन तिकीट फाडलं. जवळजवळ बारा पौंड.
रेल्वे म्युझियम फुकट. मॅलर्ड बघितलं. १९३८ साली ताशी १२६ मैल. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. नाक माशासारखं, रंग निळा. शेजारी जपानची जुनी बुलेट ट्रेन, तिच्यात चढून बसता येतं. बसले. बारा पौंड डोक्यातून जाईनात.
रात्री बाबांना सांगितलं. वाटलं, हळहळतील. "बरोबर केलं त्यानं," म्हणाले. "मीपण फाडलं असतं."
एकतीस वर्षं एस.टी.त. पंचवीस वर्षं वाहक, शेवटची सहा साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. त्यांची मुलगी परदेशात वाहतूक नियोजन शिकायला येते आणि पहिल्याच शनिवारी विनातिकीट सापडते.

३ ऑक्टोबर, घटस्थापना
काम मिळालं. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, भांडी. तासाला ११.४४ पौंड. व्हिसावर आठवड्याला वीसच तास चालतात, आणि त्यांना माणूस हवा आहे तो शनिवार-रविवारी.
घरी सांगितलेलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार
साल्टेर राहिलं. लीड्सहून गाडीने पाव तास. पाव तास.

८ ऑक्टोबर
बाबा फंडातून कर्जाचं व्याज भरतायत, हे आईच्या तोंडून निसटलं. मी विचारलं नव्हतं. तिने लगेच भोपळ्याच्या घारग्यांचा विषय काढला.

१२ ऑक्टोबर, दसरा
दहा ते सहा. यंत्राचं झाकण उचललं की वाफ थेट चष्म्यावर. ताटांवर ग्रेव्ही वाळून चिकटलेली, ती आधी हाताने खरवडायची.
यॉर्कशायर पुडिंग हे पुडिंग नाही. घावनासारखं पातळ पीठ, पण भट्टीत फुगून वाटी झालेलं. ते ज्या पत्र्यात करतात तो मी साबणाने घासून लख्ख केला आणि सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला. त्या पत्र्यांना साबण लावायचा नसतो, तेल मुरलेलं असतं, पुढच्या वेळी चिकटतं. आईच्या बिडाच्या तव्याला हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती. कळायला हवं होतं.
सोनं कुठून आणणार. बसस्टॉपवरच्या झाडाचं एक पिवळं पान खिशात घालून आले. केरळच्या मैत्रिणीला दिलं. तिने विचारलं, याचं काय करू.

१५ ऑक्टोबर
बाबांना शीट हवी आहे. भाच्याकडून गूगल शिकले. लिंक पाठवली.

१६ ऑक्टोबर
सकाळी उठले तर शीटमध्ये तीन नवे रकाने. 'नियत क्र.', 'शेरा' आणि 'चहा'. रिबलहेडच्या ओळीत चहा दहा मिनिटं, सेटलला.

१९ ऑक्टोबर, शनिवार
हॉवर्थ राहिलं. ब्राँटे बहिणींचं घर, मागे माळरान. पावसात चालायला बूट हवेत, बुटांना पैसे हवेत. शीटमध्ये काही लिहिलं नाही. ओळ पिवळीच आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार
आज पहाटे दोनचे एक वाजले. देशभर घड्याळं तासभर मागे. झोप तासभर जास्त मिळाली, बदल्यात दुपार गेली. पावणेपाचला अंधार.
बाबांना हे फार आवडलं. "एक ते दोन हा तास दोनदा येतो ना? मग दीडची गाडी दोनदा सोडायची का? आणि पहिल्या दीडला सुटलेल्या गाडीची लॉगशीट कशी भरायची?" उत्तर येईना. उद्या सरांना विचारते.

२८ ऑक्टोबर
सर हसले नाहीत. खुर्चीत पुढे सरकून बसले. तुझे वडील काय करतात, विचारलं.
संध्याकाळी बातमी : इंग्लंडात बसचं एकेरी भाडं जास्तीत जास्त दोन पौंड, ते १ जानेवारीपासून तीन. जानेवारी २०२३ पासून दोन होतं. बाबा : "पन्नास टक्के भाडेवाढ! आपल्याकडे असती तर स्टँडवर काचा फुटल्या असत्या."
म्हणजे व्हिटबी डिसेंबर संपायच्या आत. लीड्सहून कोस्टलायनर ८४०, साडेतीन तास, दोन पौंड. माझ्या एका तासाच्या भांड्यांत पाच फेऱ्या बसतात. हे गणित बाबांना सांगता येत नाही.
त्या गाडीत चालकच तिकीट देतो म्हटल्यावर : "वाहकच नाही? मग लोक भांडतात कुणाशी?"

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
मेणबत्ती लावली. धुराचा भोंगा वाजला. सगळी इमारत थंडीत खाली. नायजेरियाची मुलगी टॉवेलवरच. मी सॉरी सॉरी म्हणत सगळ्यांना कंदी पेढे वाटले. पाकीट संपलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
बाबांचा सकाळी मेसेज, दरवर्षीचाच : आज विद्यार्थी दिन. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. बाबा तिथलेच. त्यांच्या शाळेतल्या आठवणी बहुतेक छडीच्या, पण या तारखेला ते कुणाचं ऐकत नाहीत.
लंडनच्या ओळीत त्यांनी शेरा लिहिलाय : '१०, किंग हेन्रीज रोड. चुकवू नये.' बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये घेतलं.
त्याखाली दुसरा शेरा : 'वाघनखं बघायला जाण्याची गरज नाही. ती इथे आहेत.'
खरंच की. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलैपासून साताऱ्यातच आहेत, स्टँडजवळच्या म्युझियममध्ये. तीन वर्षांच्या कराराने आली आहेत. घरापासून वीस मिनिटांवर, आणि बाबा अजून गेलेले नाहीत. "गर्दी ओसरू दे."

१० नोव्हेंबर, रविवार
शिफ्ट दुपारी अचानक रद्द केली. पैसे नाहीत. चिडून चालत सुटले, कालव्याच्या कडेकडेने, आणि कर्कस्टॉल अ‍ॅबीला पोचले. ११५२ सालचा मठ. छप्पर गेलंय, खांब उभे आहेत, खांबांमधून मुलं फुटबॉल खेळतात. तिकीट नाही. एक कुत्रा भिजून आला आणि माझ्याजवळ अंग झाडलं.
हे शीटमध्ये नव्हतं. आजपर्यंतची सगळ्यांत चांगली फेरी. बाबांना सांगायचं राहिलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
रिबलहेड बाबांनी गेल्या आठवड्यातच हिरवं केलं होतं. सकाळची गाडी, सेटलला उतरून चहा, पुढच्या गाडीने रिबलहेड, पुलाखालून चालत फेरी, अंधाराआधी परत. जोडगाड्यांमध्ये कुठेही वीस मिनिटांच्या खाली अंतर नाही.
काल रात्री साडेदहाला हॉटेलातून मेसेज : उद्या दहाला ये.
गेले.

१७ नोव्हेंबर, रविवार
बाबांचा फोन सकाळीच. "काय गं, कसा होता पूल?"
मोठा आहे, म्हटलं. चोवीस कमानी. शंभर फुटांवर उंच. १८७० च्या दशकात बांधला, कामगारांच्या छावण्या तिथेच माळावर होत्या, देवीच्या साथीत कितीतरी मेले. १९८० च्या दशकात ही लाइनच बंद करणार होते, लोकांनी लढून १९८९ ला वाचवली. एका दमात बोलले. सगळं पुस्तकातलं.
"वारा होता का?"
हो.
"आणि चहा?"
घेतला.
"बरं. तिकीट पाठव. वहीत चिकटवतो."
तिकीट फोनवर असतं बाबा, चौकोनी ठिपक्यांचं.
"मग त्याचाच फोटो."

१८ नोव्हेंबर
पाठवला नाही.

१९ नोव्हेंबर
सकाळी खिडकीबाहेर बर्फ. इथला माझा पहिला. फोटो आईला पाठवला. आईने विचारलं, स्वेटर घातलास का. बाबांचं काही नाही.

२० नोव्हेंबर
मतदान करून आल्याचा दोघांचा फोटो. शाईची बोटं. बाबा कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. ते कधीच बघत नाहीत म्हणा.

२१ नोव्हेंबर
झोप नाही. पाटणच्या गाडीत एकदा बाबांनी एका कॉलेजच्या मुलाला पकडलं होतं, त्याची गोष्ट आठवली. "तिकीट नसलेला माणूस खिडकीबाहेर जास्त बघतो," असं म्हणायचे. मी फोनवर वाऱ्याबद्दल जास्त बोलले का?

२३ नोव्हेंबर, शनिवार
बर्ट नावाचं वादळ. सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, सगळा चिखल. घरी निकालाचा दिवस, टीव्ही बंद होईना, कुणी फोन घेईना.
शिफ्टवरून येऊन शीट उघडली. १६ नोव्हेंबरची ओळ. हिरवा रंग काढलाय. शेऱ्याच्या रकान्यात :
'फेरी रद्द. कारण :'
पुढे रिकामं.
बराच वेळ बघत बसले. हात धुऊन धुऊन बोटांच्या कातडीला भेगा पडल्यात, त्यात क्रीम झोंबतं.
मग लिहिलं : 'प्रवासी ड्यूटीवर.'
वर गेले. साल्टेर, हॉवर्थ, लिव्हरपूल. प्रत्येक ओळीत : 'फेरी रद्द. प्रवासी ड्यूटीवर.' १० नोव्हेंबरला नवी ओळ घातली : 'कर्कस्टॉल. पायी. जादा फेरी.'

२४ नोव्हेंबर, रविवार
शीटमध्ये माझ्या ओळीखाली : 'नोंद घेतली.'
फोन आला नाही.

२५ नोव्हेंबर
फोन आला. वीस मिनिटं बोललो. कामाबद्दल एकच प्रश्न : "जेवण देतात का?" देतात. "मग ठीक."
फोन ठेवताना : "आपल्याकडेसुद्धा वाहक नाही म्हणून फेरी रद्द व्हायची. पण लिहायला लागायचं."

३० नोव्हेंबर, शनिवार
हॉटेलात सांगितलं : डिसेंबरात दोन शनिवार येणार नाही. मॅनेजरने आधी नाक मुरडलं, मग म्हणाला, एकच. कुठला ते आधी सांग. सात तारीख सांगितली. लंडनच्या बसचं तिकीट काढलं.

६ डिसेंबर, शुक्रवार
डाराह नावाचं नवं वादळ. वेल्समध्ये लाल इशारा. इथेही वारा, खिडकी रात्रभर वाजतेय. चैत्यभूमीवरची गर्दी फोनवर बघत होते. उद्या किंग हेन्रीज रोड.

७ डिसेंबर, शनिवार
'फेरी रद्द. कारण : वादळ.'
बाबांनी पाच मिनिटांत उत्तर लिहिलं : 'हे मान्य.'

९ डिसेंबर
मॅनेजरला पुन्हा विचारलं. चौदा दिली. माणूस वाईट नाही, शुक्रवारी रात्री मेसेज टाकतो एवढंच.

१४ डिसेंबर, शनिवार. लंडन
पहाटेची बस, साडेचार तास, शेजारचा घोरत होता. चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत.
घर अगदी रस्त्यावर, ओळीत उभ्या असलेल्या घरांपैकी एक. निळी गोल पाटी नसती तर पुढे निघून गेले असते. आत फोटो, पुस्तकं, पलंग. मी आणि नागपूरचं एक कुटुंब. आजी चपला बाहेर काढून आल्या. रखवालदार नको नको म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही, थंडगार फरशीवर मोज्यांनीच फिरल्या.
बाबासाहेबांनी इथून उठून रोज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जाऊन रुपयाच्या प्रश्नावर लिहायचं. हातात पैसे जेमतेम. जिन्याच्या कठड्याला हात लावून बघितला. मग लक्षात आलं की मी त्यांच्या बसभाड्याचा हिशेब करतेय.
दुपारी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. टिपूचा वाघ बघितला. लाकडी वाघ, खाली आडवा पडलेला गोरा सैनिक, वाघाच्या पोटात बाजा बसवलेला. भोवती शाळेची पोरं.
वाघ इथे, नखं साताऱ्यात.
बाहेर येऊन फोन लावला. बाबा स्टँडवर होते, मागे घोषणा चालू. "आज जाऊन आलो. म्हटलं, तू तिथे जातेस तर आपण इथे जावं." गर्दी? "तासभर रांग." कशी आहेत? "लहान आहेत गं. मुठीत मावतील."
ती अफजलखानाच्या वेळचीच असं सिद्ध करता येत नाही, हे व्हिक्टोरिया अँड आल्बर्टवालेच म्हणतात, असं मी म्हटलं. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ ती तिथून घेऊन गेला, त्याआधीचं काही कागदावर नाही.
"माहीत आहे. लिहिलंय तिथे." थांबले. "मी ग्रँट डफचीच डबी बघत होतो. परत आली ना, दोनशे वर्षांनी. रिटर्न तिकीट."
तेवढ्यात मागून : सातारा-कोरेगाव-पुसेगाव... पुढचं ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "चुकीच्या फलाटाचं सांगतोय," आणि फोन ठेवला.

२१ डिसेंबर
सूर्यास्त ३.४६. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. ताटं धुताना खिडकी काळी झाली तेव्हा घड्याळ बघितलं.

२५ डिसेंबर, नाताळ
देशभर रेल्वे बंद. इथे बसपण नाही. हॉटेल चालू. पन्नास मिनिटं चालत गेले, रस्त्यात माणूस नाही, सिग्नल आपले बदलतायत.
बाबांचा विश्वास बसेना. "सणाला गाड्या बंद? आपण दिवाळीला जादा सोडतो, हे आहेत त्या बंद करतात?" मग थोड्या वेळाने : "पण चालकाला घरी जेवायला मिळत असेल." एकतीस वर्षांत ते किती लक्ष्मीपूजनांना घरी होते, मी मोजलं. सात आठवतात.

२८ डिसेंबर, शनिवार. व्हिटबी
दोन पौंडांचा शेवटचा शनिवार. गाडी उशिरा आली. चालकाने बटण दाबलं, यंत्रातून कागदी तिकीट आलं. खरं, कागदी, हातात धरता येणारं. वरच्या मजल्यावर पुढची सीट.
२०१८ मध्ये ब्रिटनमधला सगळ्यांत देखणा बसमार्ग म्हणून याची निवड झाली होती. यॉर्क गेलं, माल्टन गेलं, पिकरिंग गेलं. मग माळ चढायला लागलो आणि काचेबाहेर सगळं पांढरं. धुकं. होल ऑफ हॉर्कम नावाचा मोठा खळगा लागतो, वेड नावाच्या राक्षसाने ओंजळभर माती उपसली तिथे पडला म्हणतात. एका आजोबांनी मला बोट करून दाखवला. दोघांनी मिळून धुक्याकडे बघितलं. इट्स देअर, म्हणाले.
व्हिटबीला समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता. १९९ पायऱ्या मोजत चढले, माझ्या १९७ भरल्या. वर अ‍ॅबीचे खांब धुक्यातून अर्धेच बाहेर. बंदरावर मासे-बटाटे घेतले. एका सीगलने अर्धा मासा नेला. बोंबील असता तर मी त्याच्या मागे धावले असते.
परतीची गाडी अंधाराआधी धरली. चहा : घेतला.

३० डिसेंबर
जातानाचं तिकीट पाकिटात घातलं, सातारा लिहिलं. टपालाला व्हिटबीच्या फेरीपेक्षा जास्त लागले.

२५ जानेवारी २०२५, शनिवार
आजपासून एस.टी. १४.९५ टक्के महाग. बाबांचा फोन सकाळी सहाला, आवाज तापलेला. पाच मिनिटं फक्त तेच.
मग : "तुझं पाकीट काल आलं. चिकटवलं वहीत."
बरं.
"त्यावर वेळ ९.५२ आहे. गाडी कितीची होती?"
९.४०.
"मग?"
शीट उघडली. २८ डिसेंबर. शेऱ्यात लिहिलं : 'गाडी १२ मिनिटं उशिरा सुटली. कारण : धुकं.'